शनिवारी पहाटे तीन वाजता
डिस्क-तपासणीच्या वेळापत्रकाचा मागोवा

हार्ड डिस्कच्या तब्येतीवर लक्ष ठेवणारा स्मार्टडी नावाचा एक छोटा प्रोग्रॅम आहे. त्याच्या माहितीपुस्तिकेत नमुन्यादाखल एक ओळ दिली आहे. रोज रात्री दोन वाजता डिस्कची छोटी चाचणी घ्यावी आणि दर शनिवारी पहाटे तीन वाजता मोठी, असा तिचा अर्थ. फोटो, लग्नाच्या चित्रफिती, आजोबांच्या आवाजाच्या कॅसेटवरून उतरवलेल्या फायली, असं सगळं घरच्याच सर्व्हरवर सांभाळणाऱ्या पुष्कळांनी ही ओळ जशीच्या तशी उचललेली असते. ओळ चांगली आहे आणि तिने अनेकांचा डेटा वाचवलाही असेल. पण हा शनिवार आला कुठून, आणि पहाटेचे तीनच का?

हे शोधत मागे गेलं की लक्षात येतं, की हे वेळापत्रक घरासाठी लिहिलेलंच नव्हतं. ते प्रयोगशाळांचं आणि कचेऱ्यांचं होतं, आणि आजच्यापेक्षा कितीतरी लहान डिस्कांच्या काळातलं होतं. घरात वीस टेराबाइटची डिस्क बसवल्यावर ते तसंच चालवत राहणं पुरेसं नाही. ते आपल्या घराकडे पाहून नव्याने मांडावं लागतं.

सुट्टीचे दोन दिवस

सुरुवात १९४७ सालापासून करता येते. रिचर्ड हॅमिंग हे गणितज्ञ बेल लॅबोरेटरीजमध्ये रिलेंवर चालणारा संगणक वापरत. आठवडाभर यंत्रावर इतरांची कामं चालत. हॅमिंग यांच्या वाट्याला शनिवार-रविवार येई, आणि त्या दोन दिवसांत यंत्राजवळ कोणी माणूस नसे. गणित करताना चूक झाली की यंत्राला ती कळे, पण सुधारता येत नसे. हातातलं काम सोडून ते पुढच्या कामाला लागे. सोमवारी येऊन पाहावं तर हॅमिंग यांचं काम अर्धवट पडलेलं. लागोपाठ दोन आठवडे असं झाल्यावर त्यांनी प्रश्न घातला: चूक झाली हे यंत्राला कळतं, तर ती नेमकी कुठे झाली हे का कळू नये? या प्रश्नाचं उत्तर त्यांनी १९५० साली बेल सिस्टिम टेक्निकल जर्नलमध्ये प्रसिद्ध केलं. आपली चूक आपणच हुडकून सुधारणाऱ्या संकेतांची परंपरा तिथून सुरू झाली. १९६० साली अर्व्हिंग रीड आणि गुस्ताव सॉलोमन यांनी मांडलेले संकेत पुढे अनेक दशकं हार्ड डिस्कमध्ये राबले.

आजच्या तपासणीचे दोन्ही धागे या प्रसंगात सापडतात. माणूस नसताना यंत्राने स्वतःवर नजर ठेवावी, हा एक. आणि यंत्र मोकळं सापडतं ते सुट्टीच्या दिवशी, हा दुसरा.

इंजिनिअर येऊन पाहून जायचा

पहिली हार्ड डिस्क १९५६ सालची. आयबीएमच्या सॅन होजे इथल्या प्रयोगशाळेत रेनॉल्ड जॉन्सन यांच्या नेतृत्वाखाली ती तयार झाली आणि रॅमॅक या संगणकाबरोबर बाजारात आली. चोवीस इंच व्यासाच्या ५० तबकड्या, मिनिटाला १,२०० फेरे, आणि सगळी मिळून ५० लाख अक्षरं. हे यंत्र महिना ३,२०० डॉलर भाड्याने मिळे, आणि देखभाल आयबीएमच्या इंजिनिअरकडे असे. ठरल्या वेळी माणूस यायचा, पाहायचा, सुटे भाग बदलायचा. डिस्कच्या तपासणीचं पहिलं वेळापत्रक असं एका नोकरदाराच्या कामाच्या तासांत होतं.

रॅमॅकचा वाचनाचा वेग सेकंदाला ८,८०० अक्षरं होता. वाचणारं हेड इकडून तिकडे नेण्याचा वेळ सोडला, तर आख्खी डिस्क वाचायला दहा मिनिटंसुद्धा पुरत. हा आकडा लक्षात ठेवण्याजोगा आहे, कारण पुढची सगळी अडचण त्याच्या वाढीतून आली.

१९८० साली सीगेटने व्यक्तिगत संगणकात मावणारी एसटी-५०६ ही पाच मेगाबाइटची डिस्क आणली. त्या काळातल्या डिस्कांवर एक कागद चिकटवलेला असे. तबकडीच्या पृष्ठभागावर कुठे कुठे दोष आहेत, त्यांची यादी कारखान्यातच त्यावर लिहिलेली असे. डिस्क पहिल्यांदा तयार करताना मालकाने ती यादी स्वतःच्या हाताने संगणकात भरायची, म्हणजे त्या जागा वापरल्या जायच्या नाहीत. कटकटीचं काम खरं, पण आपल्या डिस्कचे दोष मालकाला तोंडपाठ असत.

१९८६च्या सुमारास हे बदललं. कॉम्पॅक, वेस्टर्न डिजिटल आणि इतरांनी डिस्कचं नियंत्रण करणारं सर्किट डिस्कवरच बसवलं. आयडीई म्हणतात ती हीच रचना. आता डिस्क आपले दोष आपणच सांभाळू लागली. एखादा सेक्टर, म्हणजे डेटा साठवण्याचा छोटा कप्पा, खराब झाला की ती त्याच्या जागी राखीव सेक्टर वापरते आणि संगणकाला काही सांगत नाही. मालकाच्या डोक्याचा ताप गेला, पण डिस्क आतून कशी आहे हे पाहण्याची खिडकीही त्याच्यासोबत बंद झाली. पुढच्या दहा वर्षांतली धडपड ही खिडकी पुन्हा उघडण्याची आहे.

डिस्कने स्वतःबद्दल बोलावं

१९९२ साली आयबीएमने एएस/४०० या कचेरीतल्या संगणकांच्या डिस्कांमध्ये बिघाडाचं भाकीत करणारी सोय आणली. डिस्क स्वतःची मोजमापं घेई आणि ती बिघडू लागली की इशारा देई. १९९५ साली कॉम्पॅकने सीगेट, क्वांटम आणि कॉनर या उत्पादकांना बरोबर घेऊन आपली पद्धत उद्योगापुढे ठेवली. त्यातून ‘स्मार्ट’ हे मानक जन्माला आलं, आणि डिस्क-जोडणीच्या १९९७च्या एटीए-३ नियमावलीत त्याला जागा मिळाली.

त्या मानकात एक मोठी उणीव राहिली. डिस्कच्या आतल्या मोजमापांचा तक्ता अंतिम मसुद्यातून वगळला गेला. डिस्कने ‘ठीक’ किंवा ‘ठीक नाही’ एवढं सांगणं बंधनकारक झालं. कुठल्या आकड्याचा अर्थ काय आणि धोक्याची रेषा कुठे, हे प्रत्येक उत्पादकाच्या मर्जीवर सोडलं गेलं. म्हणून आजही पाच क्रमांकाची नोंद म्हणजे बदललेले सेक्टर, १९७ म्हणजे वाचता न आल्यामुळे निकालाची वाट पाहणारे सेक्टर, १९४ म्हणजे तापमान, ही माहिती बरीचशी वापरातून ठरलेली आहे. २०१३ साली हेलियम भरलेल्या डिस्का आल्या, तेव्हा हेलियमच्या पातळीसाठी २२ क्रमांकाची नोंद अशीच यादीत दाखल झाली.

नंतरच्या मानकांनी डिस्कला स्वतःची चाचणी घेण्याचे आदेश दिले. छोटी चाचणी दोनेक मिनिटांत आटोपते. त्यात सर्किट, हेडची हालचाल आणि पृष्ठभागाचा थोडा भाग तपासला जातो. मोठी चाचणी आख्खा पृष्ठभाग पहिल्या सेक्टरपासून शेवटच्यापर्यंत वाचते. हे वाचन डिस्कच्या आतच होतं, संगणकाकडे काही जात नाही. मधेच कोणी फाईल मागितली की डिस्क आधी ती देते आणि मग चाचणीकडे वळते.

गुरुत्वीय लहरींच्या शोधातलं एक साधन

आदेश होते, पण ते ठरल्या वेळी देणारं कोणीतरी हवं होतं. २००२ साली स्मार्टमनटूल्स हा मुक्त संच प्रसिद्ध झाला. सुरुवातीला उल्लेख केलेला स्मार्टडी हा त्याचाच भाग. तो उभा करणारे ब्रूस ॲलन हे विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या मिलवॉकी शाखेतले भौतिकशास्त्रज्ञ. संचाचा पाया सांताक्रूझच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात मायकेल कॉर्नवेल यांनी लिहिलेल्या आधीच्या प्रोग्रॅमचा होता. ॲलन यांचा विषय गुरुत्वीय लहरींचा. या लहरी टिपणाऱ्या लायगो वेधशाळेच्या नोंदींतून लहरीची अस्पष्ट खूण शोधण्यासाठी त्यांच्याकडे शेकडो संगणकांचा समूह होता, म्हणजे शेकडो डिस्का. एवढ्या डिस्का असल्या की कुठली ना कुठली मोडणारच. मोडण्याआधी कळावं, एवढीच अपेक्षा.

मराठी वाचकाला हा धागा जवळचा वाटेल. याच शोधात पुण्याच्या आयुका या संशोधन संस्थेतल्या संजीव धुरंधर यांनी गोंगाटातून लहरीची खूण वेचण्याच्या गणिती पद्धतींवर मूलभूत काम केलं. १४ सप्टेंबर २०१५ रोजी लहर प्रत्यक्ष सापडली, आणि लायगोची भारतातली वेधशाळा हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभी राहायची आहे. आपल्या घरच्या डिस्कवर रात्री चालणारी चाचणी या शास्त्रज्ञांच्या गरजेतून आली, हे मला फार मोलाचं वाटतं. ज्यांना एकही नोंद गमावणं परवडणार नव्हतं, त्यांनी केलेलं साधन सगळ्यांसाठी खुलं झालं.

शनिवारी पहाटे तीनचा उगमही याच काळातला आहे. यंत्रं आठवडाभर कामात, शनिवार-रविवारी तुलनेने मोकळी, असा त्यामागचा विचार असावा. डिस्काही लहान होत्या. १६० गिगाबाइटची डिस्क सेकंदाला ५० मेगाबाइटने वाचली तर तासाभरात संपते. तीनला सुरू केलेली चाचणी उजाडायच्या आत आटोपलेली असे.

न वाचलेल्या पानांचं काय?

याच्या आधीपासून दुसरी एक वाट समांतर चालली होती. १९८८ साली बर्कलीच्या डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी अनेक स्वस्त डिस्का एकत्र जोडून एकीचा बिघाड दुसरीने भरून काढण्याची रेड पद्धत मांडली. तिच्यात एक धोका दडलेला होता. एक डिस्क मेली की तिच्यावरचा डेटा पुन्हा उभा करण्यासाठी उरलेल्या डिस्का सगळ्याच्या सगळ्या वाचाव्या लागतात. वर्षानुवर्षं न उघडलेल्या एखाद्या फाईलखालचा सेक्टर आधीच खराब झालेला असेल, तर ते नेमकं अशा वेळी कळतं, जेव्हा त्याची भरपाई करणारी डिस्क उरलेली नसते.

हॅनू कारी यांनी हेलसिंकी तंत्रविद्यापीठातल्या १९९७च्या प्रबंधात या दडलेल्या दोषांचा अभ्यास केला. त्यावरचा उपाय म्हणजे ठरावीक काळाने सगळं वाचून पाहणं. त्याला आता स्क्रब म्हणतात. साठवणीच्या धान्याला वर्षातून एकदा ऊन दाखवतात, त्यातलाच हा शहाणपणा. सन कंपनीत जेफ बॉनविक आणि मॅथ्यू अहरेन्स यांनी रचलेल्या झेडएफएस या फाइलव्यवस्थेने २००५ साली त्याला नवी धार दिली. तिथे प्रत्येक तुकड्याचा चेकसम, म्हणजे पडताळणीचा आकडा, जपलेला असतो, त्यामुळे तुकडा नुसता वाचता येतो का एवढंच नाही, तर तो लिहिला तसाच आहे का हेही पडताळता येतं.

मोठी चाचणी आणि स्क्रब यांतला फरक लक्षात ठेवावा. मोठी चाचणी रिकाम्या जागेसह सगळा पृष्ठभाग वाचते, पण त्यावरच्या डेटाचा खरेखोटेपणा तिला कळत नाही. झेडएफएसचा स्क्रब फक्त भरलेली जागा वाचतो, आणि दोष सापडला की दुसऱ्या प्रतीवरून तो दुरुस्तही करतो. दोन्ही हवेत.

२००७ साली दोन अभ्यासांनी या चर्चेला आकडे दिले. लक्ष्मी बैरवसुंदरम आणि सहकाऱ्यांनी नेटॲपच्या १५ लाख ३० हजार डिस्का ३२ महिने पाहिल्या. त्यांतल्या ३.४५ टक्के डिस्कांत दडलेले दोष निघाले, आणि त्या दोषांपैकी ६० टक्क्यांहून अधिक स्क्रबमुळे सापडले होते. ते वेळापत्रक नसतं तर ते दोष तसेच पडून राहिले असते. दुसरा अभ्यास गुगलचा, एक लाखाहून अधिक डिस्कांचा. चाचणीत पहिला वाचनदोष आढळल्यावर पुढच्या ६० दिवसांत ती डिस्क मरण्याची शक्यता निर्दोष डिस्कच्या ३९ पट असते, असं त्यात दिसलं. पण मेलेल्या डिस्कांपैकी ५६ टक्क्यांहून अधिक डिस्कांनी ‘स्मार्ट’च्या चार मुख्य खुणांपैकी एकही दाखवली नव्हती, हेही त्यात दिसलं. म्हणून चाचणीचा इशारा आला तर तो गंभीरपणे घ्यायचा. आला नाही म्हणून निश्चिंत व्हायचं नाही. बॅकअपची जागा कुठलीच चाचणी घेत नाही.

घरात आलेला रविवार

२००५ साली फ्रान्समधल्या ऑलिव्हिए कोशार-लाबे यांनी फ्रीनॅस सुरू केलं, आणि जुन्या संगणकातून घरगुती साठवण-सर्व्हर उभा करणं कोणालाही शक्य झालं. २०१२ साली वेस्टर्न डिजिटलने अशा घरगुती सर्व्हरसाठी (नॅस) म्हणून लाल लेबलाची वेगळी डिस्क आणली. कचेरीतलं यंत्र घरात आलं, आणि आपलं वेळापत्रक घेऊनच आलं. डेबियन लिनक्सवर रेडची तपासणी महिन्याच्या पहिल्या रविवारी मध्यरात्रीनंतर सुरू होते, आणि झेडएफएसचा स्क्रब दुसऱ्या रविवारी. फ्रीनॅसचा वारसा चालवणाऱ्या ट्रूनॅसमध्ये दोन स्क्रबमधलं अंतर मुळात ३५ दिवसांचं आणि वार रविवारचा. ३५ दिवस म्हणजे बरोबर पाच आठवडे, त्यामुळे वार कधी बदलत नाही.

कचेरीत रविवार निवांत असतो. घरात रविवारीच सगळे असतात, सिनेमा लागतो, फोनमधले आठवड्याचे फोटो सर्व्हरवर चढतात. चाचणी प्रत्येक मागणीला आधी वाट देते, म्हणून ती लांबत जाते.

जुनं वेळापत्रक घराला न जुळण्याचं दुसरं कारण डिस्कच्या वाढीतच आहे. क्षमता दोन अंगांनी वाढते: तबकडीवरच्या वर्तुळाकार पट्ट्या जवळजवळ येतात, आणि प्रत्येक पट्टीवर बिट अधिक दाटीने बसतात. वाचनाचा वेग मात्र मुख्यतः दुसऱ्या वाढीनेच वाढतो. त्यामुळे क्षमता नेहमी वेगाच्या पुढे पळते. वीस टेराबाइटची डिस्क सरासरी सेकंदाला २०० मेगाबाइटने वाचली तरी जवळपास २८ तास लागतात. रॅमॅकची दहा मिनिटं एका दिवसाच्या पलीकडे गेली आहेत.

मानक लिहिणाऱ्यांनाही ही झेप दिसली नव्हती. मोठ्या चाचणीला किती मिनिटं लागतील हे डिस्क स्वतः सांगते, आणि त्यासाठी मुळात एकच बाइट राखला होता. त्यात जास्तीत जास्त २५४ मिनिटं मावत, म्हणजे सव्वाचार तासांहूनही थोडी कमीच. दोन टेराबाइटच्या आसपास तो पुरेनासा झाला. आता २५५ हा आकडा दिसला की खरी वेळ दुसरीकडे पाहायची असते. तिथे दोन बाइट आहेत, म्हणजे सुमारे दीड महिन्यापर्यंतची सोय.

मग घरचं वेळापत्रक कसं असावं?

शनिवारी पहाटे सुरू केलेली २८ तासांची चाचणी रविवारी सकाळी सातपर्यंत चालेल, घरच्या वापरामुळे अडखळली तर दुपारपर्यंतही. तीच सोमवारी रात्री अकराला सुरू केली तर बुधवारी पहाटे तीनला संपते. मधल्या मंगळवारी घरातले सगळे कामावर किंवा शाळेत असतात. पुण्यासारख्या शहरात देखभालीसाठीचा वीजबंद बहुधा गुरुवारी असतो, त्याच्या आत ती उरकलेली असते. ज्या गावात वीज रोजच जाते, तिथे एका दमात चाचणी पुरी होण्याची आशा धरू नये. घरगुती यूपीएस काही मिनिटं तग धरतो, दिवस नाही. तिथे डिस्कचा एकेक भाग तपासण्याची सोय वापरावी. आज इतका पट्टा, उद्या त्यापुढचा, असं स्मार्टडी ओळीने करू शकतो, आणि वीस टेराबाइट पाच-सहा रात्रींत संपतात.

सगळ्या डिस्का एकाच वेळी चाचणीला लावू नयेत. लिनक्समध्ये ही जाण फार जुनी आहे: पूर्वी काही वेळा जोडल्यावर किंवा १८० दिवसांनी होणारी फाइलव्यवस्थेची सक्तीची तपासणी सगळ्या विभागांवर एकाच दिवशी येऊ नये, म्हणून आकडे मुद्दाम मागेपुढे ठेवण्याचा सल्ला तेव्हाही असे. चार डिस्का असतील तर मी अशी मांडणी सुचवेन: पहिल्या सोमवारी एका डिस्कची मोठी चाचणी, तिसऱ्या सोमवारी दुसरीची; पुढच्या महिन्यात उरलेल्या दोघींची. दुसरा सोमवार स्क्रबचा. चौथा सोमवार बॅकअपमधली एखादी फाईल खरोखर उघडून पाहण्याचा. छोटी चाचणी रोज किंवा आठवड्याला, कुठल्याही रात्री. विदर्भातल्या मे महिन्यात मोठी चाचणी सुरू असताना डिस्कच्या तापमानावर नजर ठेवावी, आणि डिस्क आपोआप झोपवण्याची सोय त्या दिवशी बंद ठेवावी, नाहीतर काही यंत्रांत चाचणी मधेच तुटते.

निकालात आकड्यापेक्षा त्याची चाल पाहावी. बदललेले सेक्टर आठ आहेत आणि वर्षभर आठच आहेत, तर थांबून पाहता येतं. मागच्या महिन्यात आठ होते आणि आता चाळीस आहेत, तर नवी डिस्क आणायला निघावं. १९९ क्रमांकाची नोंद वाढत असेल तर आधी केबल बदलून पाहावी.

या वेळापत्रकात सगळ्यात अधिक दुर्लक्ष होतं ते अखेरच्या टप्प्याकडे. रॅमॅकच्या ग्राहकाकडे इंजिनिअर स्वतः येत असे. कचेरीत इशारा आला तर तो पाहण्याचा पगार कोणीतरी घेत असतं. घरात ते काम एकाच माणसाच्या ईमेलवर येऊन थांबतं, आणि ती मेल कित्येक ठिकाणी एकदाही पाठवून पाहिलेली नसते. स्मार्टडीमध्ये चाचणीदाखल मेल पाठवण्याची सोय आहे. ती आजच वापरावी. इशारा घरातल्या दोघांकडे जावा. कुठल्या खणात कुठल्या अनुक्रमांकाची डिस्क आहे, हे कागदावर लिहून पेटीवर चिकटवावं, म्हणजे घाईत चुकीची डिस्क बाहेर निघणार नाही. तपासणी यंत्र करतं आणि वेळ घड्याळ पाळतं. आलेला इशारा वाचून त्याच आठवड्यात डिस्क बदलणं हे माणसाचं काम आहे, आणि ते कोण करणार हे घरात बोलून ठरवल्याशिवाय वेळापत्रक पुरं झालं असं मानू नये.